नदीकडचा खांब

ब्रेकेव्हिल,
२ फेब्रुवारी १९६३

प्रिय सिदोनी,

आज मेणबत्त्यांचा सण. सकाळी धिरडी घातली. पहिलं नेहमीसारखं तव्याला चिकटलं, ते आईच्या रीतीने कोंबड्यांना टाकलं. एकटीसाठी किती घालायची याचा अंदाज मला अजून येत नाही. उरलेली एर्मांसकडे घेऊन गेले. ती अजून मासे विकते आणि तोंडही तिचं तसंच आहे. म्हणाली, "ओदील, ही धिरडी आहेत की जोड्याचे तळवे? ठेव, कुत्रं खाईल." आणि माझ्यादेखत तीन संपवली.

नाताळात तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. सिस्टर यूफ्रेझींनी आपल्याला शिकवलं होतं की पत्र म्हणजे कुणाच्या घरी जाणं, आणि उंबऱ्यावरून परत फिरणं हे वाईट वळण. तू उंबऱ्यावरून परत गेलीस, म्हणून आज मी आत येऊन बसते आहे, अगदी चुलीजवळ.

कारणही तसंच आहे. आपली हाल, बाजाराचा तो लाकडी मंडप, उतरवणार आहेत. घाबरू नकोस, पाडणार नाहीत. खांबांचे पाय कुजले आहेत. मठातल्या साधूंनी ती बांधली तेव्हापासून आपण बायका लोण्याच्या टोपल्यांतलं मीठपाणी खांबांच्या बुडाशी निथळत ठेवत आलो. ओकचं लाकूड असलं म्हणून काय झालं, किती शतकं पिणार? चव्वेचाळीस साली बाँबफेकीत चर्चचा मनोरा कोसळला तेव्हा हिचं एक कौल फुटलं नव्हतं, आणि आता आमच्या लोण्याने ही खचली. ईस्टर झाला की सुतार सगळी लाकडं सोडवतील, दुरुस्त करतील आणि पुन्हा उभी करतील. सां मार्तांच्या जत्रेला, अकरा नोव्हेंबरला, नवी हाल उघडेल. त्याच दिवशी खांबांची हाक होईल, कुठल्या खांबापाशी कुणी विकायला बसायचं ते ठरेल.

आता जे लिहिणार आहे ते बसून वाच.

तू एकोणीसशे पंचवीस साली कॅनडाला निघालीस तेव्हा आईला म्हणाली होतीस, माझा खांब कुणाला तरी देऊन टाक. आईने दिला नाही. त्या वर्षी सां मार्तांला दवंडीवाल्याने ढोल वाजवून तुझं नाव घेतलं, "नदीकडचा चौथा, सिदोनी!" आणि आई तुझ्या खांबाला हात लावून म्हणाली, "वाटेवर आहे." रक्ताच्या माणसाने एवढं म्हटलं की जागा वर्षभर राहते, हे तुला माहीत आहेच. आई होती तोवर ती म्हणत राहिली. तिच्यानंतर मी म्हणते. पहिल्यांदा लोक हसायचे. एर्मांस ओरडायची, "वाटेत कुठे अडकली गं? घोडा लंगडला का?" आता कुणी हसत नाही. आता ते नावही एखाद्या प्रार्थनेसारखं झालं आहे, सगळे डोकं किंचित खाली घालून ऐकतात.

पण नगराध्यक्षांनी जाहीर केलं आहे की या वर्षीची हाक नव्याने होईल. जी स्वतः खांबापाशी उभी राहील तिचाच खांब. "वाटेवर आहे" चालणार नाही. नाव तीनदा पुकारायचं, मालकीण नसेल तर जी पहिला हात लावेल तिचा. गिरणीवाली ओनोरीन आतापासून तुझ्या खांबाकडे मांजराने दुधाकडे बघावं तशी बघते आहे.

सिदोनी, ये. नोव्हेंबरपर्यंत पुष्कळ वेळ आहे. एकदा येऊन उभी राहा.

तुझी ताई,
ओदील

---

त्र्वा-रिव्हियेर, कॅनडा,
१० मार्च १९६३

प्रिय ताई,

तुझं पत्र मी बसूनच वाचलं. आधी हसले, इतकी की नात धावत आली, "आजी, काय झालं?" मग ती गेल्यावर रडले.

म्हणजे अडतीस वर्षं मी वाटेवर आहे! एवढ्यात गोगलगायसुद्धा पोचली असती गं. मला वाटत होतं माझ्या जागी केव्हाच कुणी दुसरी अंडी विकत असेल. मी तिची कल्पनाही केली होती. लाल हाताची, जाड, जरा उद्धट. तिचा मला रागही यायचा. आणि इतकी वर्षं तिथे कुणीच नव्हतं, फक्त आई आणि तू.

इथे अजून थंडी आहे. नदी गोठलेलीच आहे, खिडकीतून दिसते. दुपारी ऊन तिरकं झालं की बर्फावर पट्टे पडतात आणि मला हालमधली सकाळ आठवते. कौलांच्या फटींतून उजेड पट्ट्यापट्ट्याने खाली यायचा, त्यात धूळ तरंगायची, आणि आई म्हणायची, बघा, देव चाळणीतून पीठ चाळतोय. वर बघितलं की उलटी घातलेली नाव दिसायची. तुळयांवर तुळया, तिरके टेके, सगळं खुंट्यांनी बांधलेलं, एक खिळा नाही. कडेला छप्पर इतकं खाली यायचं की उंच माणसांना वाकावं लागे. पहिल्या दिवशी आदेलारने तिथेच डोकं आपटलं होतं. आठवतं? परशेरॉन जातीचे घोडे घ्यायला आला आणि कपाळाला टेंगूळ घेऊन तुझ्या टेबलापाशी लोणी मागत उभा राहिला, लावायला. तू म्हणालीस, "खारं आहे, झोंबेल." मी म्हटलं, "माझ्याकडे बिनमिठाचं आहे." घोडे घ्यायला आलेला माणूस मलाही घेऊन गेला, असं तू सगळ्यांना सांगायचीस. तो देवाघरी गेला त्याला आता सहा वर्षं होतील.

माझ्या खांबाला कमरेच्या उंचीवर एक गुळगुळीत खोलगा होता. आईच्या आईची पाठ, मग आईची पाठ, मग माझी. मी तिथे टेकले की तो मला ओळखायचा. इथला बाजार लोखंडाचा आणि काँक्रीटचा आहे. स्वच्छ आहे. त्याला टेकून उभं राहावंसं कुणालाच वाटत नाही.

येण्याचं म्हणतेस. पाहू.

रोझेर आणि सूनबाई तुला नमस्कार सांगतात. नात विचारते, खांबाला आपलं नाव कसं कळतं?

तुझी,
सिदोनी

---

ब्रेकेव्हिल,
६ मे १९६३

प्रिय सिदोनी,

'पाहू' असं लिहिलंस! मी पत्र छातीशी धरून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. आपल्या घरात 'नाही' म्हणजे नाही, 'बघते' म्हणजे कदाचित, आणि 'पाहू' म्हणजे हो. आईने नव्या बुटांना 'पाहू' म्हटलं की रविवारी बूट पायात असायचे. मी मागची खोली चुन्याने पांढरी करून घेतली आहे. तुझा पलंग खाली आणला. जिन्यावरून आणताना एर्मांसचा जावई म्हणाला, "कोण येतंय, मावशी? राणी?" मी म्हटलं, "हो, आणि तिला तुझ्यासारखे घामट लोक आवडत नाहीत."

हाल उतरली, सिदोनी. मी रोज बघायला जात होते. आधी कौलं, मग वासे. मग सुतारांनी खुंट्या उलट बाजूने ठोकून काढल्या. टक, टक, आणि खुंटी अशी सरळ बाहेर आली की जणू कालच बसवली होती. प्रत्येक लाकडाला जुन्या सुतारांनी छिन्नीने खुणा केलेल्या आहेत, कुठे दोन रेघा, कुठे फुली, कुठे पक्ष्याच्या पायासारखं काही. साधूंच्या काळात सगळा सांगाडा आधी कुरणात जमिनीवर आडवा मांडून जुळवायचे, खुणा करायचे आणि मग उभा करायचे. आताही तसाच मांडला आहे, मठामागच्या त्याच कुरणात. एखादं मोठं जनावर उन्हात झोपावं तसा.

आणि गावात मध्येच आभाळ आलं आहे. तिथून जाताना माझी नजर चुकते. इतकी वर्षं तिथे वर बघितलं की अंधार आणि पाकोळ्या असायच्या. पाकोळ्या आल्या, दोन दिवस त्या रिकाम्या हवेत घिरट्या घालत राहिल्या, मग मठाच्या तबेल्यात गेल्या. बाजार सध्या शाळेच्या पटांगणात भरतो. कुणाला टेकायला काही नाही, सगळ्या बायका संध्याकाळी कंबर धरून घरी जातात.

मी कुरणात जाऊन तुझा खांब शोधला. खोलग्यावरून ओळखला. पाय पार कुजला आहे, हाताने भुगा निघतो, पण वर लाकूड असं खणखणीत आहे की बोटाने वाजवलं तर आवाज देतं. मी त्याच्या शेजारी गवतात बसून राहिले. सुतारांचा प्रमुख आला, म्हणाला, "मॅडम, हे तुमचं नातेवाईक का?" मी म्हटलं, "हो, बहिणीकडून."

कुठल्या बोटीने येणार ते लिही. ऑक्टोबरात समुद्र खवळतो, सप्टेंबर बरा. मी ल हाव्रला घ्यायला येईन. कधी गेले नाही मी ल हाव्रला, पण विचारत विचारत जाईन.

तुझी,
ओदील

---

त्र्वा-रिव्हियेर,
२८ जून १९६३

प्रिय ताई,

अक्षर बिघडलं आहे, माफ कर. नवं पेन आहे आणि मांडीवर पाट घेऊन लिहिते आहे. सिस्टर यूफ्रेझींनी बोटांवर पट्टी मारली असती.

तुझं कुरणाचं वर्णन मी चार वेळा वाचलं. आणखी लिही ना. माझ्या खांबाशेजारी कुठला खांब ठेवला आहे? आणि तुझा, तो कुठे आहे? त्याचाही पाय गेला का? आणि ती आडवी तुळई, जिच्यावर जुना भाजका डाग होता, जिथे लहानपणी आपल्याला सैतानाचा चेहरा दिसायचा, ती ठेवणार ना? त्यांना सांग, सैतानाला फेकू नका.

इथे उकाडा आहे. खिडकी दिवसभर उघडी असते. नदीवरून लाकडाचे ओंडके वाहत जातात, हजारोंनी, कागदाच्या गिरणीकडे. मी बघत बसते. मनात म्हणते, यातून कितीतरी हाल झाल्या असत्या.

परवा स्वप्न पडलं. मी हालमध्ये चालत होते, चर्चच्या दारापासून नदीच्या दारापर्यंत. उतार तसाच होता, मी अंड्यांची टोपली ठेवली की एखादं घरंगळायचं तो. सगळ्या बायका होत्या, पण कुणी माझ्याकडे बघितलं नाही, जणू मी रोजचीच. त्याचाच इतका आनंद झाला! कुणी 'आलीस का?' म्हटलं नाही. मी चालत राहिले. चालताना फरशी पायाला गार लागत होती.

बोटीचं विचारतेस. रोझेरचं काम सध्या फार आहे. पाहू तो काय म्हणतो.

तुझी,
सिदोनी

---

ब्रेकेव्हिल,
२० सप्टेंबर १९६३

सिदोनी,

सप्टेंबर संपत आला. मेपासून मी दोन पत्रं पाठवली, एकाचं उत्तर आलं आणि त्यात ओंडके आहेत, उकाडा आहे, स्वप्न आहे, बोट नाही.

हाल उभी राहिली. कौलं चढवताहेत. पण आधी गंमत ऐक, मग मी रागावणार आहे.

तुला आठवतं, जमीन उताराची असल्यामुळे चर्चकडचे खांब आखूड आणि नदीकडचे लांब आहेत. नदीकडच्यांचे पाय जास्त कुजलेले. सुतारांच्या प्रमुखाने काय केलं? त्यांचे कुजके पाय कापले आणि आखूड झालेले ते खांब चर्चच्या बाजूला, जिथे आखूडच लागतात, तिथे नव्या खाचा पाडून उभे केले. चर्चकडचे जुने खांब मधूनच चिरलेले निघाले, ते गेले. नदीकडे नवे कोरे ओकचे खांब आले. जुनं लाकूड वाया जाऊ नये म्हणून. शहाणपणाचंच केलं, पण आम्हाला विचारून केलं नाही ना!

सोमवारी आम्ही सगळ्या बघायला गेलो आणि जी जुंपली! ओनोरीन म्हणाली, "माझी जागा नदीकडची, मी नदीकडेच बसणार." एर्मांस म्हणाली, "जागा जमिनीची असते का गं? हाक कुणाची होते? खांबांची. तुझा खांब चर्चपाशी गेला, तूही जा. बरं होईल, जाता-येता पापं कबूल करता येतील."

"आणि तुझ्या माशांच्या वासाने फादर बेशुद्ध पडले तर?"

"फादरना माझ्या माशांचा वास आवडतो. दर शुक्रवारी नेतात. तुझ्या पिठातले किडे कोण नेतं?"

शेवटी नगराध्यक्षांना बोलावलं. ते बिचारे टोपी फिरवत उभे. दवंडीवाला तांक्रेद पुढे झाला आणि म्हणाला, माझ्या बापाने आणि त्याच्या बापाने हाक खांबाला मारली, जमिनीला कधी नाही. मग ठरलं की खांबाबरोबर बाई. त्यामुळे आता लोणी माशांशेजारी, कोंबड्या चीजशेजारी, सगळा गोंधळ.

माझा खांब मधल्या रांगेतला, तो जागच्या जागी राहिला. तुझा गेला चर्चच्या दारापाशी. इतकी वर्षं मी मान वर केली की तुझा खांब समोर असायचा. मी त्याच्याशी मनातल्या मनात बोलायचे. आता तिथे पिवळं, नवं, रंध्यातून निघालेलं लाकूड आहे. त्याच्याशी काय बोलू?

बाहेर पडले तर पावसात इनेस बसली होती. तुला ती माहीत नाही. ओरांहून आली, समुद्रापलीकडची ती वसाहत सुटली तेव्हा गेल्या वर्षी तिकडून सगळे आपले लोक बोटींतून आले त्यांतली. नवरा तिकडेच राहिला, जमिनीखाली. ऑलिव्ह विकते, खारवलेली लिंबं विकते. तिला खांब नाही, म्हणून ती भिंतीला टेकून छत्री धरून बसते. गावातले तिच्या बोलण्याची नक्कल करतात. ती मला म्हणाली, "ओदीलबाई, तुम्ही लोक खांबांवरून भांडता. आमच्याकडे आख्खं शहर गेलं." लाजल्यासारखं झालं मला.

आता माझा राग.

तू येत नाहीस, सिदोनी. आईच्या अंत्यविधीला आली नाहीस, तेव्हा मूल लहान होतं. युद्ध झालं तेव्हा युद्ध होतं. मग आदेलार आजारी. आता काय आहे? तुझ्या मनात माझ्याबद्दल काही आहे का? मी आईजवळ राहिले, घर मला मिळालं, ते तुला लागलं असेल तर लिही. की तुला आता आमची लाज वाटते, लोण्याच्या वासाची? राणीसाहेबांना खिडकीतून बर्फ बघायला आवडतो, ते कळलं. पण इथे एक पलंग पांढऱ्या खोलीत मांडून ठेवला आहे आणि मी दर शनिवारी त्याची चादर बदलते. कुणी झोपलेलं नसताना.

अकरा नोव्हेंबरला दवंडीवाला तुझं नाव पुकारेल. मी काय करू?

ओदील

---

त्र्वा-रिव्हियेर,
४ ऑक्टोबर १९६३

ताई,

तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही. मुळीच काही नाही. चादरीचं तेवढं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

खरं आहे ते असं. गेल्या वर्षी जानेवारीत मी चर्चच्या पायऱ्यांवर बर्फात पडले. कमरेचं हाड मोडलं. दोनदा कापलं त्यांनी. जुळलं नाही. तेव्हापासून मी चाकांच्या खुर्चीत आहे. खिडकी, खिडकी म्हणून तुला लिहिते ना, ती याच खुर्चीपुढची खिडकी. नाताळच्या कार्डावर दोन ओळी लिहिल्या, कारण तिसरी लिहिली असती तर हेच आलं असतं.

लिहिलं का नाही? तुझं पहिलं पत्र आलं आणि त्यात तू म्हणालीस, एकदा येऊन उभी राहा. उभी राहा, ताई. तेवढंच एक मला जमणार नव्हतं. आणि तिकडे अडतीस वर्षं मी चालते आहे! तुम्हा सगळ्यांच्या तोंडी मी रस्त्याने चालते आहे, पायात लाकडी जोडे, हातात टोपली. मला ते इतकं आवडलं की मोडवेना. मनाशी म्हटलं, अजून थोडे दिवस चालू दे हिला. मग तू खोली रंगवलीस. मग पलंग खाली आणलास. प्रत्येक पत्रागणिक खरं सांगणं अवघड होत गेलं.

'पाहू' मी लिहिलं तेव्हा मला माहीत होतं आपल्या घरी त्याचा अर्थ काय. मी हो म्हणत होते. मला यायचंच होतं. रोझेरला मी विचारलंही, तो डॉक्टरांकडे गेला, आणि डॉक्टरांनी बोटीवरच्या पायऱ्यांची आणि लाटांची नुसती कल्पना करून हात वर केले. रोझेर घरी येऊन माझ्यापुढे जमिनीवर बसला. चाळिशीही गाठलेली नाही त्याने अजून, पण त्या दिवशी मला तो म्हातारा वाटला. म्हणाला, "मामान, मी तुला पाठीवर घेऊन गेलो असतो." मी म्हटलं, "मूर्खा, समुद्र आहे मध्ये."

आता ऐक. माझं नाव पुकारतील तेव्हा तू काही बोलू नकोस. नियम आहे म्हणून नव्हे. तुझ्या तोंडून आता ते खोटं होईल, आणि तू खोटं बोललेलं मला चालणार नाही, ते मी एकटीने पुष्कळ बोलले. माझा खांब जाऊ दे. फक्त ओनोरीनला नको. तिच्या आईने एकदा माझ्या अंड्यांना शिळी म्हटलं होतं. ती छत्रीवाली बाई, जिचं आख्खं शहर गेलं, तिच्या पाठीला तो खोलगा बसतो का बघ.

मी येणार नाही, ताई. लिहून झालं. आता जरा हलकं वाटतं आणि फार वाईट वाटतं.

सिदोनी

---

ब्रेकेव्हिल,
१४ नोव्हेंबर १९६३

माझ्या सिदोनी,

पत्र मिळालं त्या दिवशी मी मागच्या खोलीत गेले आणि तुझ्या पलंगावर झोपले. चादर वापरली एकदाची. तुला राणी म्हटलं ते परत घेते. लाज वाटण्याचंही परत घेते. बाकीचं मग समोरासमोर बोलू, त्याचं पुढे सांगते.

जत्रा झाली. नवी हाल माणसांनी भरली. आत चिरलेल्या ओकचा वास आहे, आंबट, नव्या दारूसारखा, आणि त्याखाली जुन्या लाकडाचा, मेणाचा आणि माणसांचा. सैतान जागेवर आहे, तुझा निरोप मी प्रमुखांना दिला होता. वर बघितलं तर अर्धी तुळई काळी, अर्धी पिवळी, म्हातारीने सुनेचा हात धरावा तशी. मला वाटलं होतं वाईट वाटेल. नाही वाटलं.

पत्र आल्यावर मी इनेसकडे गेले होते. म्हटलं, जत्रेच्या दिवशी चर्चच्या दारापाशी उभी राहा, जुन्या काळ्या खांबाजवळ, ज्याला कमरेशी खोलगा आहे. ती म्हणाली, "मला हाकलतील." मी म्हटलं, "उभं राहायला कुणी हाकलत नाही. बाकी मग पाहू."

तांक्रेदने ढोल वाजवला. एकेक नाव. "आहे!" "आहे!" नवे खांब, जुने हात. माझं नाव आलं, मी "आहे" म्हणाले, आवाज नीट निघाला. मग, "नदीकडचा चौथा, सिदोनी!" खांब चर्चपाशी गेला तरी तांक्रेदच्या जिभेला नदीच आठवते.

सगळी हाल माझ्याकडे वळली. डोकी सवयीने खाली गेली.

"सिदोनी!" दुसऱ्यांदा. एर्मांस मागून कुजबुजली, "बोल गं, नियम गेला चुलीत. बोल, कोण अडवतंय?" मी ओठ घट्ट मिटून घेतले. आईचं तोंड डोळ्यांपुढे आलं. ती रागावलेली नव्हती. दमलेली होती.

"सिदोनी!" तिसऱ्यांदा, आणि तांक्रेदचा आवाज जरा फुटला. त्याच्या बापानेही हे नाव पुकारलं होतं.

त्या क्षणी ओनोरीन निघाली. तिची धाव बघायला हवी होतीस, पिठाच्या पोत्याला पाय फुटल्यासारखी. गर्दी कापत, कोपरं मारत गेली आणि खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून ओरडली, "माझा!"

मग एर्मांसचं हसू फुटलं.

ओनोरीनने नदीकडच्या नव्या, पिवळ्या खांबाला मिठी मारली होती! जन्मभर ती तुझ्या खांबाकडे त्या जागी बघत आली, पाय तिला तिकडेच घेऊन गेले. खांबाबरोबर बाई, हे ठरताना त्याविरुद्ध सर्वांत मोठ्याने तीच भांडली होती. आणि खरं सांगू? माझेही पाय तिकडेच वळले होते. आमच्यातल्या कुणाचेही वळले असते. इतक्या लोकांत एकटीच अशी होती जिच्या पायांना कुठलीच सवय नव्हती. इनेसने मागे न बघता हात मागे नेला आणि काळ्या खांबावर ठेवला. अगदी हळू म्हणाली, "आहे."

काही जण कुरकुरले. कुणीतरी तिच्या बोलण्याची नक्कल केली, "आऽऽहे." एर्मांस वळली आणि म्हणाली, "जो आता बोलला त्याला या वर्षी माझ्याकडून मासा नाही." मग तांक्रेदने पुढचं नाव घेतलं, आणि झालं. ओनोरीनला तिचा स्वतःचा खांब आहेच, ती तिकडे गेली, नाक वर करून.

इनेस खांबाला टेकली. तुझ्याहून बुटकी आहे, खोलगा तिच्या पाठीला जरा वर लागतो. म्हणाली, "सवय होईल."

संध्याकाळी मी घरी आले आणि चुलीपुढे बसले. नेहमी सां मार्तांच्या संध्याकाळी मी हिशेब करते, पुढच्या वर्षापर्यंत तुझी जागा राखली, सुटले. या वेळी राखायला काही नव्हतं. आणि सिदोनी, तेव्हा मला कळलं की मी ल हाव्रसुद्धा का कधी पाहिलं नाही. दर वर्षी अकरा नोव्हेंबरला तुझ्यासाठी बोलायला इथे कुणीतरी हवं होतं. आई होती, मग मी. तू वाटेवर होतीस म्हणून मी वाटेला लागले नाही. तुला दोष देत नाही. मला ते आवडत होतं. पण ते आता संपलं आहे, आणि माझे गुडघे अजून बरे आहेत.

तुमच्या नदीतला बर्फ फुटला की एप्रिलच्या शेवटी ल हाव्रहून तुमच्याकडे बोट निघते. मी जागा घेतली आहे. एर्मांस म्हणाली, "त्रेसष्टाव्या वर्षी? समुद्रात पडशील, माझे मासे तुला खातील, आणि मी त्यांना विकीन." मग घरात गेली आणि तुझ्यासाठी स्वतः विणलेले पायमोजे घेऊन आली. जाड आहेत, भयंकर रंगाचे आहेत, घालावे लागतील.

पुढच्या सां मार्तांला माझं नाव पुकारतील तेव्हा माझ्या रक्ताचं इथे कुणीच नसेल. इनेस म्हणाली, मी सांगते, वाटेवर आहे म्हणून. मी म्हटलं, नको. मी परत केव्हा येईन हे मला ठाऊक नाही, आणि कुणी माझी जागा राखत बसावं असं मला वाटत नाही. राहिला खांब तर राहिला.

रोझेरला सांग, बोट कुठल्या धक्क्याला लागते ते नीट विचारून ठेव. तुला घेऊन यायला जमलं तर आण म्हणावं. पण मला बघून उठायची धडपड करू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू बसून राहा. मधलं चालणं मी चालते.

तुझी ताई,
ओदील